बिल विदर्स : डबा हातात घेतलेला गीतकार

टूलरूम

माझ्या लॉकरच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला आहे. विटांच्या भिंतीपाशी एक काळा माणूस उभा आहे, चेहऱ्यावर हसू, हातात जेवणाचा डबा. बिल विदर्सच्या पहिल्या अल्बमचं, 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम'चं हे मुखपृष्ठ. साल १९७१. फोटो काढला तो लॉस एंजेलिसजवळ बरबँकला, वेबर एअरक्राफ्ट नावाच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. विदर्स तिथे विमानांतली शौचालयं जोडायचा. डबा त्याचा स्वतःचा, रोजचा.

मी गेली १९ वर्षं टूलरूममध्ये आहे. सोल संगीत ऐकायला लागलो ते रात्रपाळीत, एका सहकाऱ्याने दिलेल्या पेन ड्राइव्हमुळे. या फोरमवर गाण्यांवर खूप धागे निघतात, पण सोलच्या गीतकारावर एकही सापडला नाही, म्हणून बसलो लिहायला.

ज्यांनी सोल ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि चर्चबाहेरचं रिदम अँड ब्लूज, या दोन्ही प्रवाहांतून १९५०च्या दशकात हे संगीत घडत गेलं. देवाला मारायची हाक तेवढ्याच कळकळीने माणसाला मारली की सोल, असं मी माझ्या मुलाला सांगतो. साठच्या दशकात डेट्रॉइटला मोटाउन आणि मेम्फिसला स्टॅक्स अशी दोन मोठी घराणी उभी राहिली. विदर्स यांतल्या कुठल्याच घराण्यात तयार झाला नाही. तो खाणकामगारांच्या गावातून आला आणि आला तेव्हा त्याची तिशी उलटली होती.

जन्म ४ जुलै १९३८, वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क. वडील कोळशाच्या खाणीत, आई लोकांच्या घरी कामाला. सहा भावंडांत हा शेंडेफळ. रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला काळ्यांची, आणि यांचं घर ऐन सीमेवर. त्यामुळे गोऱ्यांचं कंट्री संगीत आणि आपल्या माणसांचं गॉस्पेल, दोन्ही कानावर पडत होतं. आईवडील वेगळे झाल्यावर तो जवळच्या बेकली गावात आईच्या माहेरी वाढला. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. मुलगा तोतरा. वर्गात तोंड उघडायची भीती.

सतराव्या वर्षी नौदलात भरती झाला आणि नऊ वर्षं राहिला. तिथे काळ्या पोरांना स्वयंपाकघरात नाहीतर वाढप्याच्या कामाला लावायचे. याला ते मान्य नव्हतं, म्हणून विमानदुरुस्ती शिकून घेतली. १९६५ला नौदल सोडलं. मग कॅलिफोर्नियात काही काळ घरोघरी दूध टाकलं आणि नंतर एकेक कारखाना.

संगीताकडे तो वळला त्याचा किस्सा त्यानेच सांगितलाय. ओकलंडच्या एका क्लबात गायक लू रॉल्सचा कार्यक्रम होता. रॉल्सला उशीर झालेला, आणि क्लबचा मॅनेजर दारात येरझारा घालत कुरकुरत होता की आठवड्याला दोन हजार डॉलर मोजतो याला, आणि हा वेळेवर येत नाही. विदर्स तेव्हा तासाला तीन डॉलर कमवत होता. त्याने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक स्वस्त गिटार घेतली आणि पाळी संपवून आला की घरी बसून शिकू लागला. पगारातून पैसे बाजूला काढून गाण्यांची नमुना ध्वनिमुद्रणं केली आणि ती घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवले.

ससेक्स रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी चालवणाऱ्या क्लॅरेन्स अ‍ॅव्हंटने ती ऐकली आणि अल्बमची जबाबदारी बुकर टी. जोन्सवर सोपवली. बुकर टी. म्हणजे स्टॅक्सच्या घरच्या वादकांचा म्होरक्या. त्याच्यासोबत बेसवर डोनाल्ड डन, ड्रम्सवर अल जॅक्सन आणि गिटारवर स्टीव्हन स्टिल्स. आणि अशा माणसांसमोर विदर्सने विचारलं, ही गाणी म्हणणार कोण? बुकर टी.ला सांगावं लागलं की, तूच.

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तो स्टुडिओत आला तो गाणी घेऊन आला होता. गाणं लिहिणं हे आपलं काम, ते म्हणायला कोणी बरा माणूस असेलच, अशी त्याची समजूत होती. पुढे जगाने त्याला गायक म्हणून डोक्यावर घेतलं, तरी तो मुळात गीतकारच. त्याला मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार गीतलेखनाचेच आहेत.

आता 'एन्ट नो सनशाइन'. दारूत बुडालेल्या नवराबायकोवरचा एक चित्रपट टीव्हीवर बघताना ते सुचलं. हानी होतेय हे कळतं, तरी माणूस त्याच गोष्टीकडे परत परत जातो, हा धागा त्याने धरला. गाणं दोन मिनिटांपेक्षा जेमतेम मोठं. सुरुवातीला वाद्यमेळ नाही, थेट आवाज. आणि मध्ये 'आय नो' हे दोनच शब्द तो २६ वेळा म्हणतो. त्या जागी खरं तर कडवं लिहायचं राहिलं होतं. नंतर भरू म्हणून तो नुसतंच म्हणत गेला, आणि बाकीचे म्हणाले, हे असंच ठेव. कारखान्यातून आलेला नवखा माणूस, समोर एवढे जाणकार, त्याने ऐकलं. तबकडीवर हे गाणं मागच्या बाजूला होतं, पुढच्या बाजूला 'हार्लेम'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून वाजवायला सुरुवात केली आणि गाणं देशातल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

अल्बम यायच्या काही महिने आधी कारखान्याने कामगार कमी केले, त्यात याचंही काम गेलं. मग एकाच दिवशी दोन पत्रं आली. एक, कामावर परत रुजू व्हा. दुसरं, जॉनी कार्सनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गायला या.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो. आज दुसरी पाळी आहे.

---

सायसाखर

सुंदर लेख. वाचनखूण साठवली. 'एन्ट नो सनशाइन' शेकडो वेळा ऐकलंय, पण तो 'आय नो'चा भाग म्हणजे राहून गेलेलं कडवं आहे हे आज कळलं. आता ऐकताना तिथे काहीतरी रिकामं आहे असं जाणवतं आणि ते तसंच असावं असंही वाटतं.

---

पांढरी_एक

मी पेटी शिकवते, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा स्वरांच्या अंगाने.

'लीन ऑन मी' हे त्याचं १९७२चं गाणं. 'स्टिल बिल' या दुसऱ्या अल्बममधलं, आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्याचं एकमेव गाणं. त्याने नवा वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो घेतला होता. पियानो वाजवायचं शिक्षण नव्हतंच. बोटं नुसती वर नेत होता, खाली आणत होता, त्यातून ही चाल निघाली.

पेटी असेल तर समोर घ्या. पांढरी एक हा सा धरा. सा रे ग म, आणि उलट म ग रे सा. सुरुवात झाली! एकाही काळ्या पट्टीला बोट लागत नाही. उजव्या हाताची बोटं एकाच ठेवणीत राहतात आणि सगळा पंजा एकेक घर सरकतो. पेटी शिकायला आलेल्या मुलाकडून पहिल्या आठवड्यात आपण जो पलटा घोटून घेतो, तोच हा.

मला चकित करते ती गोष्ट वेगळीच. असा सोपा पलटा हजारो लोकांच्या बोटांखालून रोज जातो. विदर्सला तो ऐकताच त्यात बोलणं ऐकू आलं. चढताना एक वाक्य, उतरताना दुसरं, जसं कोणी शेजारी बसून सावकाश समजावतंय. शब्दही तसेच आहेत, शाळेतल्या पोराला कळतील असे. प्रेयसीला उद्देशून नाही, देवाला नाही. मित्र मित्राला सांगतो की आज तू टेक माझ्यावर, उद्या मला टेकावं लागेल. एवढंच.

गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका नऊ वर्षांच्या मुलीला हे शिकवलं. इंग्रजी शब्द तिला नीट येत नव्हते. तिने स्वर म्हणतच वाजवलं आणि तिच्या आजीने मान डोलावली, "हे ओळखीचं वाटतंय गं." आजीने ते आधी ऐकलेलं असणं शक्य नव्हतं.

---

टूलरूम

@पांढरी_एक, पेटी नाही माझ्याकडे, पण मुलाचा छोटा कीबोर्ड काढला आणि वाजवून बघितलं. खरंच येतं! मुलगा उठून बाहेर आला बघायला. फार आभार.

या गाण्यामागे स्लॅब फोर्क आहे. लॉस एंजेलिसला राहायला आल्यावर त्याला जाणवलं की इथे शेजाऱ्याचं नावही कोणाला माहीत नसतं. गावात कोणाकडे काही कमी पडलं तर दुसऱ्याच्या घरून यायचं, त्यात विचारायचं काही नव्हतं. त्याने आणखी एक आठवण सांगितली आहे. नौदलात असताना अलाबामातल्या आडरस्त्यावर गाडीचा टायर फुटला. तो काळ आणि तो प्रांत लक्षात घ्या. एकटा काळा माणूस, सुनसान रस्ता, आणि टेकडीवरून एक गोरा माणूस चालत येतोय. त्या माणसाने टायर बघितला, घरी चालत गेला, टायर घेऊन आला आणि बसवायलाही हात लावला.

मला वाटतं हे गाणं खोटं वाटत नाही ते यामुळेच. मदत घेणारा आणि देणारा, दोन्ही बाजूंना तो स्वतः उभा राहिलेला होता.

---

कॉलरीची_लेक

हा धागा दोन दिवस नुसता वाचत होते. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझं लहानपण चंद्रपूर जिल्ह्यातल्या कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, वसाहतीत गेलं. बाबा अंडरग्राउंडला. पहिली, दुसरी, तिसरी अशा पाळ्या. भोंगा वाजला की आई भाताला फोडणी द्यायची, कारण बाबा घरी यायला किती वेळ लागतो ते तिला पक्कं माहीत होतं. बाबा आंघोळ करून यायचे तरी पापण्यांच्या कडेला काळी रेघ राहायची, काजळ घातल्यासारखी. मी लहानपणी समजायचे की सगळ्यांच्या बाबांचे डोळे असेच असतात.

मी सातवीत असताना खाणीत छत कोसळलं. आमच्या ओळीतल्या एका घरचे काका गेले. त्या घरात तेरा दिवस चूल पेटली नाही, आणि त्या घरातलं एक माणूस एक वेळही उपाशी राहिलं नाही. कोणाकडून भाकरी, कोणाकडून वरण. कोणी यादी केली नव्हती, कोणी वाटून घेतलं नव्हतं. तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी, आपले, सगळे. आई पहाटे उठून दोन घरांचा स्वयंपाक करायची आणि डबा माझ्या हातात द्यायची. तो गरम डबा धरून ओळीतून चालत जाणं मला आजही हाताला आठवतं.

लेखात स्लॅब फोर्क वाचलं आणि 'लीन ऑन मी' पहिल्यांदा शब्द समोर ठेवून ऐकलं. हा माणूस कुठून बोलतोय ते मला लगेच कळलं. आपल्या ओळीतला कोणीतरी बोलतोय असंच वाटलं.

---

सायसाखर

@कॉलरीची_लेक, लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

हडसनकाठ

मी अमेरिकेत असतो. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेकडे जाताना बेकलीला मुक्काम केला होता. तिथे जुनी खाण आता लोकांना बघण्यासाठी खुली आहे. छोट्या रुळगाडीतून आत नेतात, आणि माहिती सांगणारे स्वतः निवृत्त खाणकामगार असतात. आत गेल्यावर आमच्या माणसाने दिवे घालवले. असा अंधार मी आयुष्यात बघितला नव्हता. विदर्सचे वडील रोज अशा जागी उतरत होते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो प्रवास वेगळा झाला असता.

---

एकमार्गी

लेख आवडला, पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. विदर्सने १९८५नंतर एकही अल्बम काढला नाही. वय ४७. पुढे ३५ वर्षं जगला. स्टीव्ही वंडर, स्मोकी रॉबिन्सन या सोलच्याच गायकांकडे बघा, ते गातच राहिले. ज्याच्याकडे अशी देणगी आहे त्याने ती बाजूला ठेवणं हे मला पटत नाही. आपण श्रोत्यांनी किती गाणी गमावली! रेकॉर्ड कंपनीशी त्याचं भांडण झालं म्हणतात, पण ते सगळ्यांचंच होतं.

---

टूलरूम

@एकमार्गी, प्रश्न रास्त आहे आणि मला स्वतःला बरीच वर्षं तोच पडायचा. आधी काय झालं ते सांगतो.

ससेक्स छोटी कंपनी होती. पहिल्या अल्बमच्या वेळीच पैसे संपले म्हणून ध्वनिमुद्रण मध्येच सहा महिने थांबलं होतं. पण तिथे विदर्सला कोणी सांगत नव्हतं की गाणं कसं लिही. 'स्टिल बिल' तर त्याने लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या बँडच्या वादकांना घेऊन स्वतःच उभा केला. ड्रम्सवर जेम्स गॅडसन. 'यूज मी' ऐका, गॅडसनचे हात काय बोलतात ते कळेल. ऑक्टोबर १९७२मध्ये याच वादकांबरोबर तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायला. शौचालयं जोडायचं काम सोडून दोन वर्षंही झाली नव्हती.

त्या मैफलीत एक गाणं आहे, 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड'. व्हिएतनाममध्ये खांद्यात गोळी लागलेला तरुण सैनिक कोणालातरी म्हणतो, माझ्यासाठी आईला एक पत्र लिहून दे, मला डाव्या हाताने लिहिता येत नाही. युद्धाविरुद्ध एकही घोषणा नाही. पत्रात काय लिहायचं ते तो सांगत जातो, आणि आपण ऐकत बसतो. मला हे त्याचं सर्वांत मोठं गाणं वाटतं, आणि यादीत वर चढलेल्या गाण्यांत ते कुठेच नाही.

१९७५मध्ये ससेक्स बुडाली. विदर्स कोलंबिया या मोठ्या कंपनीत गेला. तिथे अल्बम झाले, १९७७चं 'लव्हली डे'ही तिथलंच, ज्यात तो एकच स्वर १८ सेकंद धरून ठेवतो. पण काळ्या श्रोत्यांना काय आवडतं हे त्यालाच समजावून सांगणारे अधिकारी डोक्यावर बसले. एकाने सुचवलं की एल्व्हिस प्रेस्लीचं 'इन द गेटो' तू गा. विचार करा, स्लॅब फोर्कच्या माणसाला! १९७८नंतर कितीतरी वर्षं त्याचा स्वतःचा अल्बम निघालाच नाही. त्या काळातलं 'जस्ट द टू ऑफ अस' तर दुसऱ्या कंपनीच्या, ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर या सॅक्सोफोनवादकाच्या अल्बमवर आलं. १९८५ला एक शेवटचा अल्बम, आणि मग त्याने काम थांबवलं.

आता माझं मत. आमच्याकडे एक जुने फिटर होते, माझे गुरूच. निवृत्तीला तीन वर्षं असताना त्यांना एका साहेबांनी सांगितलं की फिटिंग तपासायची गरज नाही, तसंच पुढे पाठवा. त्यांनी दोनदा सांगून बघितलं. तिसऱ्या वेळी फायली, म्हणजे कानशी, पुसल्या, तेलाचा हात दिला, पेटीत ठेवल्या आणि राजीनामा दिला. मी तेव्हा चिडलो होतो. त्यांच्या हातात जे होतं ते आम्हाला अजून शिकायचं होतं. आज मला कळतं की ज्या हाताला चुकीचं काम जमत नाही त्याच हाताकडून आम्ही शिकत होतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या.

विदर्सचं मला तसंच दिसतं. तिशीपर्यंत तो कष्ट करून सन्मानाने जगत होता. गाण्याशिवाय आपण कोणीच नाही, अशी त्याची अवस्था कधीच नव्हती. म्हणून तो थांबू शकला.

---

एकमार्गी

@टूलरूम, विचार करायला लावलंत. फिटर काकांची गोष्ट मनात राहील. तरी श्रोता म्हणून हळहळ वाटतेच, ती लपवत नाही.

---

टूलरूम

हळहळ मलाही आहे.

---

अडखळ

माझा इथला पहिलाच प्रतिसाद. मी लहानपणापासून तोतरा बोलतो. आता चाळिशी आली, बरंच कमी झालंय, पण फोनवर अनोळखी माणसाला स्वतःचं नाव सांगताना अजून अडतं. नावाचं पहिलं अक्षरच दगा देतं.

विदर्सबद्दल मी वाचलं होतं ते तोतरेपणाच्या संदर्भातच. २८व्या वर्षापर्यंत त्याला बोलताना त्रास व्हायचा. त्याने स्वतःच शोधून काढलं की अडतं कुठे. ऐकणारा आपल्याबद्दल काय म्हणेल याची धास्ती, आणि समोरचा प्रत्येक जण आपल्याहून मोठा आहे ही समजूत. ती समजूत त्याने हळूहळू उतरवली. मला डॉक्टरांनी जिभेचे व्यायाम दिले होते, तेही उपयोगी पडले, पण हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्याची गाणी ऐकताना मला एक दिसतं, ते तज्ज्ञांना पटेल की नाही माहीत नाही. तो शब्द कमी वापरतो. प्रत्येक शब्द उच्चारायला सोपा, छोटा. ज्याला बोलताना अडतं तो मनात आधी वाक्य रचतो, अवघड शब्द बाजूला काढतो, त्या जागी सोपा शब्द शोधतो. मी हे दिवसातून शंभर वेळा करतो. आणि 'ग्रँडमाज हँड्स' ऐकताना वाटतं, या माणसाने आयुष्यभर हेच केलंय.

---

पांढरी_एक

@अडखळ, हे तुम्ही लिहिलंत ते कुठल्याही समीक्षेत मला वाचायला मिळालं नाही. 'ग्रँडमाज हँड्स' आत्ताच परत ऐकलं. आजीचे हात चर्चमध्ये टाळ्या वाजवतात, डफ वाजवतात, पोराला सावध करतात, पडलं की उचलतात. सगळं गाणं फक्त हातांचं. आजीचा चेहरा कुठेही येत नाही. आणि नातवाला बोलता येत नसताना त्याची बाजू घेणारी तीच होती हे कळल्यावर तर...

---

हक्कसोड

कोणी विचारलं नाही पण मला हा भाग महत्त्वाचा वाटतो : ३५ वर्षं अल्बम न काढता तो जगला कशावर? गाण्याला दोन हक्क असतात. एक ध्वनिमुद्रणाचा, दुसरा मूळ रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे रचनाकाराला मिळतात, गाणाऱ्याला नाही. दुसऱ्या कोणी तेच गाणं गायलं तरी रचनाकाराला मिळतात. मायकेल जॅक्सनने पोरवयातच 'एन्ट नो सनशाइन' गायलं. क्लब नूवो या गटाने १९८७मध्ये 'लीन ऑन मी' गायलं आणि ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यावर विदर्सला पुढच्या वर्षी गीतकार म्हणून तिसरा ग्रॅमी मिळाला. तोवर तो घरी बसलेला होता. 'नो डिगिटी' या १९९६च्या गाण्यात 'ग्रँडमाज हँड्स'चाच तुकडा आहे. त्याची पत्नी मार्शा हा सगळा हक्कांचा व्यवहार बघायची.

आपल्याकडे चित्रपटगीतांच्या कवींनी आणि संगीतकारांनी हे हक्क वर्षानुवर्षं एकरकमी लिहून दिले. २०१२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे रॉयल्टीतला त्यांचा वाटा काढून घेता येणार नाही अशी तरतूद आली. इथे कोणी गाणी लिहीत असेल तर करार वाचल्याशिवाय सही करू नका. मी या क्षेत्रात काम करतो, लोक अजूनही न वाचता सह्या करतात आणि मग रडत येतात.

---

सायसाखर

कुठून ऐकायला सुरुवात करावी? मला तीनच गाणी माहीत आहेत.

---

टूलरूम

@सायसाखर, आधी 'स्टिल बिल' पूर्ण, क्रमाने. मग कार्नेगी हॉलची मैफल, हेडफोन लावून. त्यात तो गाण्यांच्या मध्ये बोलतो, तेही ऐका. आजीबद्दल बोलतो, लोक हसतात, आणि मग गाणं सुरू होतं. कोलंबियाचे अल्बम नंतर. त्यांतलं मला 'लव्हली डे'पलीकडे फारसं भिडलं नाही, पण ती माझी आवड.

@अडखळ, @हक्कसोड, दोघांचे मनापासून आभार. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

२०१५मध्ये क्लीव्हलंडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला मान मिळाला, तो स्टीव्ही वंडरच्या हस्ते. ३० मार्च २०२०ला तो गेला, हृदयविकाराने, ८१व्या वर्षी. त्या दिवसांत करोनामुळे सगळं बंद होतं आणि लोक घरांतून, दवाखान्यांतून 'लीन ऑन मी' म्हणत होते. आमच्याकडेही प्लांट बंद होता. बातमी मी फोनवर वाचली आणि लॉकरमधला फोटो बघायला जाता येत नव्हतं.

---

कॉलरीची_लेक

काल घरी गेले होते. बाबा आता ७४चे आहेत, ऐकू कमी येतं. त्यांना गाणं लावून दिलं, त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, आवाज चांगला आहे. मग मी टूलरूम यांनी लिहिलेलं ते मुखपृष्ठ फोनवर दाखवलं.

बाबांनी फोटो मोठा करायला लावला. चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला. डब्याकडे बघितलं.

"कोणती पाळी होती याची?"

मी सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत काढलाय, उजेड दिसतोय.

"मग पहिलीच," म्हणाले. आणि फोन परत न देता बराच वेळ बघत राहिले.